पाणी जिरवायला टाळ-मृदंग कशाला? जलसंधारण, कीर्तन आणि गावच्या गोष्टींचं जुनं नातं

गावात पाण्याच्या नियोजनाची बैठक आहे, असा निरोप व्हॉट्सॲपवर टाकला तर किती माणसं येतात? सरपंच, ग्रामसेवक, चार-दोन सदस्य आणि देवळाच्या पारावर आधीपासूनच बसलेले दोन-तीन म्हातारे. त्याच पारासमोर रात्री नऊला कीर्तन असलं की मांडव भरतो. लेकरं कडेवर घेऊन बायका येतात, मळ्यातली वस्ती ट्रॅक्टरवर बसून येते, एरवी एकमेकांशी न बोलणारे भाऊबंदही एकाच सतरंजीवर बसतात.

महाराष्ट्रात पाणी अडवण्याचं काम ज्यांनी ज्यांनी टिकवून दाखवलं, त्यांना या दोन गर्दींमधला फरक कधी ना कधी उमगलेला दिसतो. चर कसा खणायचा हे कागदावर समजावता येतं. पण तो खणायला तीनशे माणसं पहाटे माळावर का येतील, आणि पाणी आल्यावर नवी बोअर घ्यायची नाही हे का मान्य करतील, याचं उत्तर कागदावर मिळत नाही. ते बऱ्याचदा गाण्यातून आणि गोष्टीतून आलेलं आहे. ते कसं आलं आणि कुठे कमी पडलं, हे समजून घेऊया.

आधी थोडं गणित

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तिथे १० हजार लिटर पाणी पडलेलं असतं. हा हिशेब कुठल्याही गावाला लागू होतो.

समजा, एका दुष्काळी पट्ट्यातल्या गावाचं शिवार १,००० हेक्टर आहे आणि वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे त्या शिवारावर वर्षभरात ४०० कोटी लिटर पाणी पडतं. गावाची लोकसंख्या २,००० धरली आणि जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं, तर घरगुती वापराला वर्षाला साधारण ४ कोटी लिटर लागतात. पडलेल्या पावसाच्या फक्त एक टक्का!

तरीही अशाच गावांत एप्रिल उजाडला की टँकर सुरू होतो. कारण उरलेल्या पाण्यातलं काही वाफ होऊन जातं, काही पिकं आणि माती घेते, बरंचसं चांगल्या मातीसकट ओढ्याला लागून गावाबाहेर पळतं. जे मुरतं त्यातला मोठा वाटा शेतीसाठी मोटारीने उपसला जातो.

पळणारं पाणी थोपवण्याचं शास्त्र 'माथा ते पायथा' या तीन शब्दांत मावतं. सुरुवात डोंगराच्या माथ्यापासून करायची. उतारावर समान उंचीच्या रेषेत सलग समतल चर खणायचे. ही रेषा आखायला तीन काठ्यांचा तिकोनी सांगाडा आणि मधोमध सोडलेला ओळंबा पुरतो. सातवीतली मुलं हे अर्ध्या तासात शिकतात. त्याखाली ओघळींमध्ये अनघड दगडांचे बांध, मग दगड भरलेल्या जाळीचे गॅबियन बंधारे, शेतांमध्ये बांधबंदिस्ती आणि सगळ्यात शेवटी नाल्यावर माती किंवा सिमेंटचा बंधारा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी खाली बंधारा बांधला आणि माथा तसाच ठेवला, तर दोन-चार पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो.

हेच तंत्र गावोगाव आणखी सोप्या भाषेत सांगितलं जातं: धावणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा आणि थांबलेल्याला जिरायला लावा. या एका वाक्यात पाणी हे एक पात्र झालंय. उतावळं, उनाड, पण समजावलं तर ऐकणारं. म्हणून ते एकदा ऐकलं की विसरत नाही.

मग अडतं कुठे?

महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के जमिनीखाली काळा बसाल्ट खडक आहे. हा खडक वाळूसारखा पाणी पिऊन घेत नाही. वरचा मुरमाचा थर आणि खडकातल्या भेगा, एवढ्याच जागेत पाणी साठतं. ते साठलेलं पाणी गट नंबर पाहून थांबत नाही. वरच्या अंगाला एकाने चर खणला, तर पाणी खालच्या अंगाच्या दुसऱ्याच्या विहिरीला येतं. आणि तिसऱ्याने शेजारी पाचशे फूट बोअर मारली, की दोघांचंही पाणी तो ओढून घेऊ शकतो.

इथे तीन गोष्टींवर विश्वास ठेवावा लागतो. एक, घाम माझा आणि फायदा आधी दुसऱ्याचा, तरीही मी खणायचं. दोन, काम उन्हाळ्यात करायचं आणि फळ पावसाळ्यानंतर मिळेल. पाऊस कमी झाला तर कदाचित मिळणारही नाही. तीन, पाणी दिसायला लागल्यावर प्रत्येकाने हात आखडता घ्यायचा.

कायदा आहे. महाराष्ट्रात २००९ चा भूजल अधिनियम आहे. पण प्रत्येक विहिरीवर पोलीस उभा करता येत नाही. त्यामुळे गावाने आपापसात शब्द द्यावा लागतो आणि तो चारचौघांत द्यावा लागतो. बंद खोलीत दिलेला शब्द मोडायला सोपा असतो. अख्ख्या गावासमोर, देवळात हात वर करून दिलेला शब्द मोडला, तर दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर त्याची चर्चा होते.

कीर्तन नेमकं काय करतं?

कीर्तन म्हणजे जिवंत संगीत आणि कथाकथन यांची आपल्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तालेवार जोडी. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात विचार मांडला जातो आणि उत्तररंगात तोच विचार आख्यानातून, म्हणजे गोष्टीतून पटवला जातो. वारकरी कीर्तनात एक अभंग निरूपणाला घेतात. मागे टाळकरी उभे असतात, बाजूला मृदंग असतो. कीर्तनकार एक चरण सोडवतो, दृष्टांत देतो, हसवतो, चिमटा काढतो. आणि ऐकणाऱ्यांचं लक्ष जरा ढळतंय असं वाटलं की गजर सुरू होतो. गजरात श्रोतेही गातात.

इथे ऐकणारा नुसता ऐकत नाही. तो टाळी वाजवतो, मान डोलावतो, उत्तर देतो. शिवाय आपल्या शेजारचाही मान डोलावतोय, हे त्याला दिसत असतं. 'मी एकटाच मूर्ख ठरणार नाही, बाकीचेही येतील' हा भरवसा सामूहिक कामासाठी सगळ्यात आधी लागतो. तो मोबाइलवर एकट्याने पाहिलेल्या व्हिडिओतून येत नाही.

संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) ही ताकद पुरेपूर ओळखली होती. बाबा गावात यायचे ते हातात खराटा घेऊन. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्यांच्या कीर्तनात पांडित्य नव्हतं, प्रश्न होते. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या माणसांना साधा प्रश्न विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा. कर्ज काढून सण का करता, पोरांना शाळेत का घालत नाही, असं करत करत माणूस स्वतःच्याच तोंडून स्वतःची चूक कबूल करून बसायचा. शिवाय सांगणाऱ्याने सकाळी स्वतः खराटा मारलेला असायचा, त्यामुळे त्याला उलटून बोलायची सोय नव्हती. श्रमदानाच्या कामात आजही हाच नियम लागू पडतो. पहिलं घमेलं कुणी उचललं, हे गाव बघत असतं.

विदर्भातच तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर ग्रामसफाई, सामुदायिक प्रार्थना आणि गावाच्या स्वावलंबनाचा विचार घराघरांत नेला. त्यांची 'ग्रामगीता' आजही अनेक गावांत सामूहिकपणे वाचली जाते.

सप्ताहाचं व्यवस्थापन आणि श्रमदानाचं व्यवस्थापन

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. अखंड हरिनाम सप्ताह करणाऱ्या गावाला मोठं काम उभं करण्याचा सराव आधीच असतो.

सप्ताहात काय काय असतं ते आठवा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून पहाऱ्याच्या पाळ्या लागतात. कुठल्या आळीने कुठल्या दिवशी पंगत द्यायची हे ठरतं. कुणी धान्य देतं, कुणी लाकूडफाटा, कुणी नुसते हात. वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहिला जातो. पोरं वाढायला आणि बायका भाकरी थापायला एकत्र येतात. हे सगळं कुठल्याही सरकारी आदेशाशिवाय होतं.

यात वीण्याच्या जागी कुदळ ठेवली की श्रमदानाचा आराखडा तयार होतो: आळीनुसार पाळ्या, वस्तूंच्या रूपात मदत, उघडा हिशेब आणि ठरलेली मुदत. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी १९७०च्या दशकात कामाची सुरुवात यादवबाबांच्या मोडकळीला आलेल्या देवळाच्या दुरुस्तीपासून केली होती आणि त्यासाठी स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घातले होते. गावाने आधी एकत्र बसायची जागा उभी केली. ताली-बंधाऱ्यांची कामं त्यानंतर.

सप्ताहाचा शेवट काल्याच्या कीर्तनाने होतो. कृष्णाच्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, सगळं एकत्र कालवलं आणि वाटून खाल्लं, ही ती कथा. कुणाच्या शिदोरीत दही होतं, कुणाच्या फक्त लाह्या. एकदा काला झाल्यावर त्यातला माझा घास कुठला आणि तुझा कुठला, हे सांगता येत नाही. जमिनीखालच्या पाण्याचं शास्त्र लोकांना समजावून सांगायला याहून नेमका दृष्टांत सापडणं कठीण आहे. खडकाच्या भेगांमध्ये सगळ्यांच्या शेतावरचा पाऊस कालवला गेलेला असतो.

भारूड आणि शाहिरी: नाव न घेता बोलायची सोय

गावात पाण्यावरून खरं बोलणं अवघड असतं. चार बोअर मारणारा माणूस बऱ्याचदा वजनदार असतो. ग्रामसभेत त्याचं नाव घेऊन कोण बोलणार?

भारुडात मात्र बोलता येतं. एकनाथांपासून चालत आलेल्या या प्रकारात एक पात्र सोंग घेऊन येतं. कधी वेडी, कधी जोशी, कधी विंचू चावलेला माणूस. सगळे हसतात आणि हसता हसता बाण बरोबर जागी बसतो. आज एखाद्या भारुडात 'बोअरवाले अण्णा' किंवा 'टँकरताई' असं सोंग आलं, तर ते कुणाबद्दल आहे हे सगळ्यांना कळतं. पण कुणी भांडायला उठू शकत नाही, कारण नाव कुणाचंच घेतलेलं नसतं. ज्याला लागलं, तोच ओळखू येतो.

शाहिरीचा बाज वेगळा. डफ, तुणतुणं आणि झीलकऱ्यांची साथ घेऊन शाहीर माणसांना उभं करतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या कलापथकाने हे करून दाखवलं होतं. पाण्याच्या चळवळींतही सभेआधी शाहिरी किंवा कलापथकाचा कार्यक्रम ठेवण्याची पद्धत रुजली. लोक जमेपर्यंतचा वेळ भरून काढणं एवढाच त्याचा उपयोग नाही. भाषणातला जो आकडा लोक विसरतात, तो पोवाड्यात यमकाला बसला की पाठ होतो.

ओवी, मोट आणि न दिसणारं पाणी

पाणी आणणं हे काम बहुतेक घरांत बायकांचं. पण पाण्याच्या बैठकीत बोलतात पुरुष. बायकांना या विषयावर काय म्हणायचं होतं, हे शोधायचं असेल तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावं लागतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात शेत, पाऊस, विहीर, माहेर-सासर, कष्ट असं सगळं आहे. पहाटे दळताना, कुणी ऐकत नाही असं समजून गायलेलं हे बोलणं आहे.

दुसरं हरवत चाललेलं गाणं मोटेचं. विहिरीवर मोट चालायची तेव्हा मोटकरी बैलांच्या चालीवर गाणी म्हणायचा. विहिरीतून किती पाणी निघणार, याला बैलांच्या आणि माणसाच्या दमाची मर्यादा होती. पाणी खाली गेलं की सोंदूर वाढवावा लागे आणि ते हाताला जाणवत असे. मोटार आली आणि हे कष्ट संपले. ते संपायलाच हवे होते. पण त्याबरोबर पाण्याची पातळी अंगाला जाणवायचीही बंद झाली. मोटार दमत नाही. ती कोरडी फिरायला लागते तेव्हाच कळतं की विहीर आटली.

म्हणूनच विहिरीची पातळी मोजून ती गावाच्या फळ्यावर लिहिणं, हे काम आज महत्त्वाचं झालं आहे. आधी जे कानाला आणि खांद्याला कळायचं, ते आता आकड्यातून कळवून घ्यावं लागतं.

वॉटर कप: गाणं, स्पर्धा आणि पंचेचाळीस दिवस

२०१६ चा उन्हाळा आठवतोय? मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, त्या गाडीचं नाव 'जलदूत'. त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धा पहिल्यांदा झाली. आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांनी उभ्या केलेल्या या उपक्रमात पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीन तालुके होते आणि ११६ गावांनी भाग घेतला. कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. दुसऱ्या वर्षी तालुक्यांची संख्या ३० झाली आणि वर्धा जिल्ह्यातलं काकडदरा हे छोटंसं गाव जिंकलं. तिसऱ्या वर्षी ७५ तालुके होते आणि पहिला क्रमांक माण तालुक्यातल्या टाकेवाडीने मिळवला.

या स्पर्धेची बांधणी नीट पाहिली, तर वर सांगितलेल्या सगळ्या जुन्या गोष्टी तिथे नव्या रूपात दिसतात. गावातून निवडलेले पुरुष आणि स्त्रिया आधी प्रशिक्षणाला जायचे. तिथे अभियांत्रिकीचे धडे फिल्म, खेळ आणि गाण्यांमधून दिले जायचे. सप्ताहासारखीच ठरलेली मुदत होती. अजय-अतुल यांच्या संगीतातलं 'तुफान आलंया' हे गाणं पहाटे ट्रॅक्टरवरच्या भोंग्यातून वाजू लागलं आणि श्रमदानाला निघायची ती खूणच झाली.

गाण्याने आणखी एक काम केलं. घमेल्यांची साखळी लावली की एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती माती सरकते. साखळीतला एक जण मंदावला की सगळी साखळी अडते. ताल असला की हातांची गती जुळते. पूर्वी पिकाच्या कापणीला 'भलरी' गायली जायची ती याचसाठी. गाणाऱ्या माणसांना दमणूक कमी जाणवते, हे कुदळ मारलेल्या कुणालाही विचारा.

गोष्ट: कुणाची सांगायची?

गाण्याने माणसं येतात. त्यांनी टिकून राहावं यासाठी गोष्ट लागते. 'आपल्यासारख्याच एका गावाने हे केलं' ही गोष्ट. म्हणून तर हिवरेबाजार पाहायला आजही सहली जातात.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावात साधारण ४०० मिलिमीटरच पाऊस पडतो. १९८९च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं. डोंगरउतारावर चर खणले, झाडं लावली. ही झाली गोष्टीची सर्वांना माहीत असलेली बाजू. पण हिवरेबाजारचं वेगळेपण त्यानंतरच्या नियमांत आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस आणि केळीसारखी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. आणि दरवर्षी पावसाळा संपला की गावात पाऊस किती पडला याचा आकडा मांडून पाण्याचा ताळेबंद करायचा. आधी पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग जनावरांचं, आणि उरलेल्यात कुठली पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी झाला, तर पिकांना कात्री लागते.

त्याही आधीची गोष्ट पुरंदर तालुक्यातल्या नायगावची. १९७२च्या दुष्काळाने हादरलेले पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे तिथे गेले. देवस्थानची ४० एकर माळरान जमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी पाणी अडवून दाखवलं. त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम आजही विचार करायला लावतात. पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता कुटुंबातल्या माणसांवर वाटायचं: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस लावायचा नाही. खर्चातला काही वाटा लोकांनी स्वतः उचलायचा. ज्याच्याकडे जास्त जमीन त्याला जास्त पाणी, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की हा नियम ऐकल्यावर माणूस क्षणभर थबकतो.

इथे गोष्ट सांगणाऱ्यांनी एक काळजी घ्यायला हवी. अशा गावांची गोष्ट बहुतेक वेळा एका नायकाची होऊन बसते. 'त्यांच्याकडे पोपटराव होते, आमच्याकडे कोण आहे?' असं म्हणून ऐकणारा घरी जातो आणि प्रेरणा तिथेच संपते. तीच गोष्ट नियमांची करून सांगितली, तर ती दुसऱ्या गावाला उचलता येते. कुठला नियम आधी लागू झाला, त्याला विरोध कसा झाला, पहिल्या वर्षी तो कुणी मोडला आणि गावाने काय केलं, हे तपशील ऐकणाऱ्याला जास्त उपयोगी पडतात.

गाणं संपल्यावर काय होतं?

उत्साहाला मुदत असते. बंधाऱ्यात गाळ साचतो, चर बुजतात, अनघड दगडी बांधाचे दगड निखळतात. दुरुस्तीला कुठलंही गाणं नसतं, उद्घाटन नसतं, फोटो नसतो. त्यातच पाणी वाढलं की पहिला परिणाम म्हणून ऊस किंवा फळबाग वाढते, नव्या बोअर होतात, आणि कमी पावसाच्या एका वर्षात गाव पुन्हा टँकरवर येतं.

सरकारी कामांचंही तेच. २०१४च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर हजारो कोटी रुपये खर्च झाले. भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका 'कॅग'ने २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात ठेवला. यंत्राने नाले बेसुमार खोल करण्यावर पाण्याच्या अभ्यासकांनीही आक्षेप घेतले होते. माथ्यावरची कामं सोडून नाला खोल केला, तर आजूबाजूच्या मुरमातलं पाणीच त्यात झिरपून उघडं पडतं आणि उन्हाने उडून जातं. डोळ्यांना मात्र ते भरलेलं तळं दिसतं.

पानी फाउंडेशननेही पुढे स्पर्धेचं रूप बदललं. 'समृद्ध गाव' स्पर्धेत माती, गवताळ माळ आणि पाण्याचा ताळेबंद या गोष्टी आल्या. त्यानंतर 'फार्मर कप'मध्ये भर गटशेतीवर गेला. केंद्राच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेतही गावाने स्वतः पाण्याचा अंदाजपत्रक मांडावा, हीच अपेक्षा होती. वेगवेगळ्या वाटांनी सगळे एकाच ठिकाणी पोहोचले: अडवलेलं पाणी कसं वापरायचं, हे गावाने बसून ठरवायला हवं.

आणि हे दरवर्षी ठरवावं लागतं. गाणं आणि गोष्ट यांचा खरा उपयोग इथे आहे. एकदाच ऐकवून सोडून देण्यासारखं त्यात काही नाही. कीर्तन दरवर्षी होतं, तोच काला दरवर्षी वाटला जातो, आणि माहीत असलेली कथा पुन्हा ऐकायला लोक कंटाळत नाहीत. दुरुस्ती आणि ताळेबंद यांनाही अशीच वर्षातली एक ठरलेली तिथी मिळाली, तर ती कामं लक्षात राहतात.

तुम्ही कुठून सुरुवात करू शकता?

यासाठी सेलिब्रिटी लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही.

• पर्जन्यमापक आणि फळा. गावात किंवा सोसायटीत साधा पर्जन्यमापक बसवा आणि रोजचा पाऊस फळ्यावर लिहा. मिलिमीटर गुणिले हेक्टर गुणिले १० हजार, एवढं गणित शाळेतली मुलं करतील. आपल्या डोक्यावर किती पाणी पडतं, हे कळल्यावर टँकरकडे बघायची नजर बदलते.

• सप्ताहातली एक संध्याकाळ. तुमच्याकडे सप्ताह, गणेशोत्सव किंवा जत्रा असेल, तर कार्यक्रमाआधी पंधरा मिनिटं गावाच्या पाण्याचा हिशेब वाचायला मागा. गर्दी आधीच जमलेली असते. आकडे तीनच ठेवा: यंदा पाऊस किती, विहिरींची पातळी किती, पिण्यासाठी किती राखायचं.

• म्हाताऱ्यांच्या आठवणी. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. तेव्हा कुठल्या विहिरीला पाणी टिकलं होतं, ओढा कितव्या महिन्यापर्यंत वाहायचा, रोजगार हमीच्या कामावर कोण कोण होतं, हे त्यांना विचारा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. आजींना ओव्या येत असतील तर त्याही. यातून कधी बुजलेल्या विहिरीचा पत्ता लागू शकतो.

• दुरुस्तीचा दिवस. पाडव्यानंतरचा एखादा रविवार दरवर्षीसाठी ठरवून टाका. त्या दिवशी नवं काम करायचं नाही, फक्त जुन्या चरांमधला गाळ काढायचा आणि निखळलेले दगड परत लावायचे. दुपारी पिठलं-भाकरीची पंगत आणि संध्याकाळी भजन.

• फसलेली गोष्टही सांगा. तुमच्या गावचा बंधारा वाहून गेला असेल किंवा बोअरबंदी मोडली असेल, तर तेही सांगा. यशाची गोष्ट ऐकून लोक टाळ्या वाजवतात. फसलेली ऐकून ते 'आमच्याकडेही असंच झालं' म्हणत स्वतःचं बोलायला लागतात, आणि बैठक तिथून खरी सुरू होते.

शहरात राहणाऱ्यांनाही हे लागू आहे. छतावरचं पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडायचं असेल, तरी आधी सोसायटीच्या सभेला माणसं यावी लागतात. मग गणपतीच्या आरतीनंतरची दहा मिनिटं मागून घ्या. माणसं तिथे आलेलीच असतात आणि टाळ अजून हातात असतात.